सिमेंटचं गाऱ्हाणं

मी पत्रकं लिहिते. पोटासाठी एका क्लासमध्ये शिकवते, पण कोणी विचारलं तर पत्रकं लिहिते असंच सांगते. अर्ध्या पानात मावेल एवढा संताप, वर जाड ठशातला एक प्रश्न आणि खाली मागण्या. वस्त्यांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या एका संघटनेत गेले तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलं होतं, की वाक्य असं लिही की चालता माणूस थांबला पाहिजे. घाटकोपर स्टेशनबाहेर थांबत कोणी नाही, ते सोडा. आमचे बरेचसे कागद समोरच्या भजीवाल्याकडे जातात आणि तिथे तेल पिऊन सार्थकी लागतात.

तर माझ्या एका पत्रकाचं शीर्षक होतं, ‘इथले खातात, मग मदत थेट का नको?’ ज्या देशात सरकार टेबलाखालून खातं, टेबलावरून खातं आणि वेळ आली तर टेबलही खातं, तिथे बाहेरच्या पैशाने सरकारला वळसा घालून थेट लोकांच्या दारात यावं, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. बाहेरच्यांनी स्वतःचा इंजिनिअर आणावा, स्वतः तपासावं, स्वतः जाब विचारावा. आफ्रिकेतले, आशियातले कुठले कुठले देश मी त्यात कोंबले होते. एकाही देशाचं तोंड पाहिलेलं नाही. पण मत ठाम होतं.

आणि मग तो पैसा खरंच आला. आमच्याच टेकडीवर.

घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या अंगावर आमची वस्ती आहे. घरावर घर, त्यावर घर. आमची ओळ बहुतेक कोकणातल्यांची. आजोबांची पिढी गिरणीत होती, बापांची पिढी मिळेल तिथे, आमची पिढी मोबाइलवर. ओळीच्या अगदी शेवटी, जिथे टेकडी सरळ कापल्यासारखी उभी आहे, तिथे काका-काकींची खोली. काका माझे सख्खे कोणी नाहीत, ओळीत सगळेच त्यांना काका म्हणतात. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली, आता घरी असतात. काकी सोलं आणि कुळथाचं पीठ विकतात. त्यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीपासून टेकडीची माती हात लांब केला तर हाताला लागते. पावसाळ्यात काका रात्री उठून त्या मातीवर टॉर्च मारतात. माती हलली का, ते बघतात. लहानपणापासून मला ते रोजच्या कामासारखंच वाटायचं, दूध तापवण्यासारखं.

त्या मातीला आमच्या लोकांनी स्वतःच टेकू दिला होता. जुने टायर, वाळूच्या गोण्या, मध्ये मध्ये करवंदीची झुडपं. दिसायला भंगार, पण वर्षानुवर्षं टिकलेलं. पक्की संरक्षक भिंत बांधा म्हणून आम्ही वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. ही जमीन आमच्याकडे येत नाही, म्हणाले. मग कोणाकडे येते? तेही आमच्याकडे येत नाही, म्हणाले.

शेवटी अंधेरीच्या एका संस्थेने आमचं काम उचललं. पैसा युरोपातल्या एका निधीचा, राबवायचं या संस्थेने. त्यांचा इंजिनिअर आला, पोरांसकट सगळ्यांना गोळा करून त्याने खडूने जमिनीवर भिंत काढून दाखवली. “भिंतीने माती अडवायची, पाणी नाही अडवायचं,” तो म्हणाला. “पाण्याला बाहेर यायला आरपार भोकं ठेवायची. नाही ठेवली तर पाणी मागे साठेल आणि एक दिवस भिंतीला घेऊनच खाली येईल.” काकींनी ती भोकं बोटाने मोजल्यासारखी केली आणि म्हणाल्या, “म्हणजे भितीकय नाकपुडे व्हयेत.” इंजिनिअर हसला. आम्हीही हसलो. मला वाटलं, बघा, माझं पत्रक खरं झालं.

मग भाऊ मध्ये आले.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. निवडणूक असो नसो, पद असो नसो, भाऊ असतातच. टेकडीवर येणारा एकमेव रस्ता त्यांच्या ऑफिससमोरून जातो. संस्थेचा खडीचा ट्रक तिथे अडला, तो अडलाच. काही दिवसांनी कळलं, की काम भाऊंच्या माणसाला दिलंय. हा कंत्राटदार आमच्याच ओळीत जन्मलेला. आता मुलुंडला फ्लॅट घेऊन राहतो, पण गणपतीत अजून आमच्यात येऊन आरत्या म्हणतो. मी संस्थेतल्या मुलीला विचारलं, “अगं, तुम्ही तर थेट देणार होतात ना?” ही मुलगी माझ्याच वयाची, टेकडीचं काम तीच बघायची. ती म्हणाली, “यार, ट्रक हेलिकॉप्टरने आणू का?”

भिंतीला जागा पाहिजे म्हणून पहिल्यांदा आमचे टायर, गोण्या, झुडपं सगळं काढलं. पाया खणला. ओळीच्या सुरुवातीकडून भिंत वर येऊ लागली. आणि सिमेंटच्या गोण्या सकाळी टेकडी चढायच्या आणि संध्याकाळी पुन्हा टेम्पोत बसून खाली जायच्या. लपूनछपून नव्हे, सगळ्यांसमोर. कंत्राटदाराचं मुलुंडला दुसरं काम चालू होतं. आमच्या नळावर बायका म्हणायच्या, “गेला गो सिमेंट माहेराक.”

मी संस्थेतल्या मुलीला फोन केला. “बघते,” ती म्हणाली. संघटनेत विषय काढला. “आधी भिंत होऊ दे,” तिथले म्हणाले. मी पत्रक लिहायला घेतलं आणि माझ्याही डोक्यात तेच आलं, की आधी भिंत होऊ दे की काय? तेवढ्यात निरोप आला, युरोपातून पाहुणी येतेय. काम बघायला.

आमच्याकडे काही नवं काम काढलं की नारळ फोडतात आणि गाऱ्हाणं घालतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जाणता माणूस पुढे उभा राहतो आणि देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगतो, की बाबा रे, असं असं आहे, हे हे मागणं आहे, ते मान्य कर. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ते विचार करून म्हणायचं नसतं. वाक्याचा सूर खाली आला, की तोंडातून आपोआप येतं. आमच्या ओळीत गाऱ्हाणं काकाच घालतात.

पाहुणी आली. साधी, गोरीपान, उन्हाने लाल झालेली. इथूनच घेतलेला कुर्ता घातला होता, त्याची किमतीची चिठ्ठी मागे लोंबत होती. काकींनी ती गुपचूप दाताने तोडली आणि तिला सोलकढी दिली. तिने ती सगळी प्यायली, मला बरं वाटलं. तिच्याबरोबर कॅमेरावाला होता. तिकडच्या देणगीदारांना दाखवायला फिल्म करायची होती. संस्थेतली मुलगी बाजूला उभी राहून इंग्रजीत सांगत होती. भाऊ नव्हते, पण त्यांची पोरं होती. कंत्राटदार नवा कोरा शर्ट घालून पुढे.

काकांनी नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां टेकडीच्या पायथ्याक जमली आसत, ती तू मानून घी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“परमुलखातली पाव्हणी समिंदर वलांडून आमच्या दारात इली आसा, तिच्या लेकराबाळांचां भलां कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही भिंत आमच्या पाठीशी उभी रवांदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या भितीचां सिमेंट कोणी खाल्लां असात, वरच्यान खाल्लां असात नायतर खालच्यान, तर तां त्येच्या पोटात पचाक देव नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी ओळ म्हणाली. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्याने, सवयीने, कंत्राटदारही म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोंड तसंच उघडं राहिलं. मागे बायकांमध्ये खसखस पिकली. पाहुणीने विचारलं, हे काय म्हणाले? संस्थेतल्या मुलीने क्षणभरही न थांबता सांगितलं, “ते तुमचे आभार मानतायत.” पाहुणी हात जोडून काकांपुढे वाकली. मी ओठ चावून उभी होते. खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या कुठल्याही पत्रकाने दिला नव्हता.

पाहुणी गेल्यावर कंत्राटदार काकांकडे आला. “काकानू, माका शाप दिल्यात?”

“तुका कित्याक देऊ? जेणां खाल्लां तेका दिलंय.”

“पण व्हय मीच म्हटलंय मां!”

“मग तो तुझो आणि देवाचो प्रश्न. माका मदी घेव नको,” काका म्हणाले आणि नारळाची शकलं वाटायला लागले.

मी काकांना म्हटलं, काय मस्त उघडं पाडलंत! ते माझ्याकडे बघत राहिले. “उघडां? अगो, मी देवाक सांगत होतंय. पाव्हणीक खंय?” त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं की तिथे आणखी कोणी ऐकतंय. देवापुढे उभं राहायचं आणि अर्धंच सांगायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. बस, एवढंच.

पुढे झालं ते असं. तिकडे ती फिल्म तयार झाली. काका काय बोलतात ते खाली लिहायला हवं, म्हणून त्यांनी भाषा जाणणारा माणूस शोधला. मिळाला तो नेमका सिंधुदुर्गातला, तिकडे जाऊन वसलेला. त्याने काहीएक गाळलं नाही. वरच्याने असो वा खालच्याने, सिमेंट, पोट, पचू नये, सगळं झकास इंग्रजीत उतरवून दिलं. त्या अनोळखी बाबाला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. तो सलाम महाग पडला.

काम थांबलं. एके सकाळी मजूर आलेच नाहीत. ओळीच्या सुरुवातीची भिंत उभी होती, मधली अर्धी. आणि काकांच्या खोलीमागे नुसता खणलेला पाया, त्यातून वर आलेल्या लोखंडी सळ्या आणि मागे उघडी माती. आमचे टायर नाहीत, गोण्या नाहीत, झुडपं नाहीत. आधी निदान भंगार तरी होतं.

मी अंधेरीला गेले. संस्थेचं ऑफिस काचेचं, आत एसी, टेबलावर बिस्किटं. मोठ्या पडद्यावर, व्हिडिओ कॉलवर, पाहुणी होती. तिचे डोळे खरंच सुजल्यासारखे दिसत होते. मी घडाघडा बोलले. टेम्पो कधी जातात ते सांगितलं, सगळी ओळ साक्ष देईल म्हटलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच आम्हाला थांबावं लागतंय.”

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. त्यांचा नियम आहे. पैशाचा अपहार झाल्याचं समोर आलं, की निधी बंद. तडजोड नाही. ती म्हणाली, भ्रष्टाचाराला आमच्याकडे अजिबात थारा नाही. हे ती अभिमानाने म्हणाली, आणि तो अभिमान खरा होता.

“पण खाल्लं त्याने,” मी म्हटलं, “आणि बंद आमचं?”

ती म्हणाली, मला फार वाईट वाटतंय.

“मग त्याच्याकडून वसूल करा. दुसरा कंत्राटदार द्या. तुमचा इंजिनिअर टेकडीवर बसवा, आम्ही जेवायला घालतो. काहीही करा. अहो, सळ्या उघड्या आहेत. मागे माणसं झोपतात.”

तिने सांगितलं, की दुसऱ्या देशाच्या कारभारात आम्ही हात घालू शकत नाही. तुमच्याकडे सरकार आहे, त्यांच्याकडे दाद मागा.

आमचे टायर उपटताना हात घातला होता. पाया खणताना घातला होता. तेव्हा आमच्याकडे सरकार नव्हतं का?

खाली उतरल्यावर संस्थेतली मुलगी मला चहाच्या टपरीवर घेऊन गेली. तिने दोन कटिंग मागवली. मग म्हणाली, “तुला एक सांगू? रागावू नको. काहीतरी गळतं हे त्यांना माहीत असतं. सगळ्यांनाच माहीत असतं. अशा देशात द्यायचं म्हणजे थोडं गळणारच, हे धरूनच देतात.”

“मग?”

“मग काय! कोणी बोललं नाही तोवर चालतं. बोललेलं फिल्ममध्ये आलं की नाही चालत. मी म्हणूनच आभार म्हटलं होतं. काकांनी तेवढं वाक्य गिळलं असतं ना, तर आज तुमची भिंत पुरी असती.”

ती वाईट नव्हती. हेच तर भयंकर होतं. पडद्यावरची वाईट नव्हती, ही वाईट नव्हती. चोरी झाली तरी चालते, पण चोरी झाली असं कोणी म्हटलेलं चालत नाही, आणि म्हटलं तर शिक्षा ज्याच्या घरात चोरी झाली त्याला. असे किती देश, किती टेकड्या, किती अर्ध्या भिंती असतील जगात? मी ज्या देशांची नावं पत्रकात कोंबली होती, तिथेही कोणी काका असतील. मोठ्याने खरं बोलून बसलेले. त्यांचं काय झालं, हे लिहायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मी परत आले तेव्हा काकी दारात पीठ चाळत होत्या. मी सगळं सांगितलं. काकी म्हणाल्या, “म्हणजे खरां बोलल्यार भिंत नाय आणि खोटां बोलल्यार भिंत. मेल्यांनी हां आधी सांगूचां नाय?”

“काकी, तुम्ही काही दिवस आमच्याकडे चला राहायला.”

“खंयच जावचंय नाय मी. खोली सोडलंय की भाऊची पोरां कुलूप लावतली.” तेही खरंच होतं. अशा रिकाम्या झालेल्या खोल्या आमच्या टेकडीवर पुन्हा मालकाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

मी वॉर्ड ऑफिसला गेले. आता तर ते आणखी खूश. आधी जमीन त्यांच्याकडे येत नव्हती, आता कामही येत नव्हतं. “परदेशी फंडाचं आहे ना, मॅडम? मग त्यांनाच विचारा.” मी पत्रक काढलं. शीर्षकासकट चांगलं झालं होतं. भजीवाला म्हणाला, या वेळी कागद जरा जाड आहे.

आणि मग, उन्हाळा कडक झाला असताना, भाऊ स्वतः टेकडी चढून आले. घाम पुसत त्यांनी सळ्यांकडे बघितलं, काकींकडून पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, “परदेशी लोकांनी वाऱ्यावर सोडलं ना? मी नाही सोडणार. आपली माणसं आहात.” पैसा कुठून आणला विचारू नका. कंत्राटदार तोच. फलक मोठा, त्यावर भाऊंचा फोटो भिंतीपेक्षा आधी लागला. मी तिथल्या तिथे बोलायला गेले, तर आमच्याच ओळीतल्या बायांनी मला मागे खेचलं. “गप ग. भिंत होऊ दे.”

भिंत झाली. भराभर झाली. सिमेंट किती आणि रेती किती, ते देवाला माहीत. आणि भाऊंनी निरोप धाडला, की उद्घाटनाला काकांनीच गाऱ्हाणं घालायचं. कॅमेरे असतील. निरोप्याने जाता जाता हसत सांगितलं, “काका, या वेळी चांगलं चांगलं बोला हां.”

आदल्या संध्याकाळी मी काकांकडे गेले. “नका घालू,” म्हटलं. “तब्येत बरी नाही सांगा.”

“देवाक पण तांच सांगू?” ते म्हणाले.

उद्घाटनाला ताशा, मंडप, हार. भाऊ मधोमध, शेजारी कंत्राटदार. काकांनी नारळ घेतला. ही लेकरां मानून घी म्हणाले, आम्ही व्हय म्हटलं. भाऊच्या घरादाराचां भलां कर म्हणाले, व्हय म्हटलं. ही भिंत उभी रवांदे म्हणाले, व्हय म्हटलं. मग ते थांबले. पुढचं वाक्य कुठलं, ते सगळ्या ओळीला ठाऊक होतं. काकांनी श्वास घेतला. काकींकडे बघितलं. त्यांच्या मागे ती खोली. काका काहीच बोलले नाहीत. फक्त मान हळूहळू खाली झाली, जशी वाक्य संपताना होते.

आणि सगळ्या ओळीने एका आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

न बोललेल्या वाक्याला. मीही म्हटलं. मी देव मानत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. भाऊ हसत टाळ्या वाजवत होते. त्यांना काही कळलं नाही. कंत्राटदाराला कळलं. तो या वेळी व्हय म्हणाला नव्हता, पण त्याचा हात पोटावर गेला होता.

मंडप उतरल्यावर मी भिंतीपाशी गेले. भिंतीला भोकं होती, ओळीने, छान प्लास्टिकचे पाइप लावून. पडलेल्या हारांत अडकलेली एक उदबत्तीची काडी मी उचलली आणि सहज एका भोकात घातली. बोटभर गेली आणि अडली. दुसऱ्यात घातली. अडली. तिसऱ्यात, चौथ्यात. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काडी घालत गेले. एकही भोक आरपार नव्हतं. पाइपचे तुकडे नुसते बाहेरून चिकटवले होते. फोटोसाठी. पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती, वाटेचं चित्र होतं.

मी ओरडत काकींकडे गेले. त्यांनी स्वतः काडी घालून बघितली. काही बोलल्या नाहीत. हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग, की काकी काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत फोडल्यासारखा आवाज आला. धावत गेले, तर कंत्राटदार. एकटा. शर्ट काढून, हातात ड्रिल मशीन, काकांच्या खोलीमागची भोकं आरपार करत होता. घामाने आणि धुळीने त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. काका बाकड्यावर बसून बघत होते.

“कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“कोणी नाय.” त्याने मशीन बंद केलं. “पाव्हणी इली त्या दिवसापासून पोटात दुखताहा माझ्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतो काय नाय. कसां काय नाय?”

युरोपचा नियम याच्यापुढे चालला नाही. वॉर्ड ऑफिस चाललं नाही, माझी पत्रकं तर नाहीच नाही. आणि हा माणूस स्वतःच म्हटलेल्या एका ‘व्हय’ला घाबरून ड्रिल मारत होता. मी कुठल्या देशात राहते?

काकांच्या खोलीच्या वर घरं नाहीत, तिथून नुसती कोरडी माती गळली. तिथली भोकं झाली, तसं त्याने मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

“अरे, बाकीची?” मी ओरडले. “पुढची सगळी ओळ आहे!”

“बाकीच्यांनी माका खंय काय म्हटल्यानी?” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “माका काकांचां लागलां. त्येंचां मी फेडलंय.”

मी काकांकडे वळले. “काका, सगळ्या ओळीच्या वतीने घाला पुन्हा. आत्ताच्या आत्ता.”

काकांनी मान हलवली. त्यांचं फिटलं होतं, त्यावर पुन्हा मागणं म्हणजे देवाशी लबाडी, असं त्यांचं म्हणणं. आतून काकी बाहेर आल्या, पदराला पिठाचे हात पुसत. “तूच घाल गो. कागद लिवतंस मां एवढे?”

“मला येत नाही. आणि काकी, मी देव मानत नाही.”

“तू मानू नको,” काकी म्हणाल्या आणि कंत्राटदाराकडे हनुवटीने दाखवलं. “तो मानता मां? तेवढां पुरे.”

बाया जमल्या होत्या. पोरं भिंतीवर चढून बसली होती. कंत्राटदार वायर हातात धरून उभा, निघावं की थांबावं ते न कळून. मी पुढे झाले. मी पत्रकवाली, माझी मालवणी कच्ची, सूर कुठे उतरवायचा तेही धड माहीत नाही.

“बा देवा म्हाराजा,” मी सुरुवात केली आणि मागून कोणीतरी पोरगी फिसकन हसली. “ही भिंत सगळ्या ओळीची आसा, एकट्या काकांची नाय, रे म्हाराजा.”

क्षणभर काहीच आलं नाही. मग काकींचा एकटीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

“प्रत्येक भोकात पाण्याक वाट असूक व्हयी, रे म्हाराजा. आणि ती जेणां बुजवली, वरच्यान नायतर खालच्यान, त्येच्या पोटात...”

“बस, बस! थांब ग बये!” कंत्राटदार ओरडला. “मारतंय! सगळी मारतंय!”

पण वाक्याचा सूर उतरला होता, आणि ओळ थांबली नाही. “व्हय म्हाराजा!”

त्याने वायर पुन्हा सोडली. मशीन घरघरलं. काकांच्या शेजारच्या खोलीमागचं पहिलं भोक. आधी पांढरी धूळ आली, मग रेती, नुसती रेती. भिंत ड्रिलपुढे बिस्किटासारखी फुटत होती, आणि ते बघून बायांच्या तोंडचं हसू गेलं. मग मशीनचा आवाज एकदम बदलला. ड्रिल आरपार गेलं होतं. त्याने ड्रिल मागे ओढलं, तशी त्याच्यामागून माती आली. काळी. ओली. आणि त्या मातीमागून पाण्याची बारीक धार, वरच्या ओळीच्या धुण्याभांड्यांचं पाणी, साबणाचा वास येणारं, भिंतीला पाठ लावून इतके दिवस साठलेलं.

पाऊस अजून यायचा होता.

काकी पुढे झाल्या. त्यांनी त्या धारेखाली रिकामी बादली ठेवली आणि कंत्राटदाराला म्हणाल्या, “पुढचां घे.”